संशयाचा क्रम

बंद पडलेली वस्तू दुरुस्तीला आणणारा माणूस एक वाक्य हमखास बोलतो, ‘काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं.’ निन्टेन्डो स्विच हा हातात धरून खेळायचा गेमही याला अपवाद नाही. कोणी काही न करताच त्याच्या चार्जिंग पोर्टमध्ये सरबत शिरतं आणि पिना वाकतात. दुरुस्ती करणारा हे शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि भिंग पुढे ओढतो.

चार्ज होत नाही म्हटलं की पहिला आळ बॅटरीवर. ४३१० मिलिअँपिअर-अवरची ही चपटी पेटी. उपाशी राहिली एवढाच तिचा गुन्हा. पण मलूल दिसतो त्यालाच दोषी धरायची आपली जुनी खोड. मग नवी बॅटरी मागवली जाते, मोठ्या हौसेने बसवली जाते आणि यथावकाश तीही उपाशी पडते.

जाणकार बॅटरीकडे सगळ्यात शेवटी वळतो. आधी तो अडॅप्टर आणि स्विच यांच्यामध्ये एक छोटं यूएसबी मीटर लावतो. २०१७ साली स्विच बाजारात आला, त्याच्या अडॅप्टरवर दोन दर छापलेले आहेत: ५ व्होल्टला १.५ अँपिअर आणि १५ व्होल्टला २.६. पण स्विचचं पोर्ट यूएसबी टाइप-सीचं, आणि टाइप-सीच्या घरात आल्या आल्या कोणी पंधरा वाढत नाही. लग्नाच्या बैठकीसारखी आधी बोलणी होतात. ती होईपर्यंत चहापोहे, म्हणजे ५ व्होल्ट. जमलं की पंगत, म्हणजे १५. स्विचच्या बाजूने बोलणी करते ती एम९२टी३६ नावाची, नखावर मावेल एवढी चिप, म्हणजे आयसी. ही मध्यस्थच उडाली तर मीटर ५ व्होल्ट आणि जेमतेम अर्ध्या अँपिअरवर अडून बसतं. पाहुणे रात्रभर पोह्यांवर! देणाऱ्याकडे भरपूर आहे, घेणाऱ्याला भूक आहे, मध्ये शब्द टाकायला मात्र कोणी नाही.

पण मीटर ५ वर अडलं म्हणून लगेच मध्यस्थाला फासावर द्यायचं नसतं. तिच्यापर्यंत निरोप पोचवणारी पिनच तुटलेली असू शकते. आता बॅटरीची जोडणी काढायची, मल्टिमीटर डायोड मोडवर घ्यायचा, लाल प्रोब ग्राउंडला आणि काळी एकेका पिनेला. पोर्टमध्ये २४ पिना, वर बारा, खाली बारा. प्लग कसाही खुपसला तरी बसावा म्हणून ही समोरासमोरची रचना. झोपेत चार्जर लावणाऱ्यांच्या सोयीसाठी केलेली, पण कामी आली निदान करणाऱ्याच्या. कारण संशयित पिनेची साक्ष तपासायला पलीकडची पिन हजर असते. एकीवर ठीकठाक आकडा आणि तिच्या जोडीदारणीवर शून्य, तर लाइन शॉर्ट. आकडाच उमटला नाही, तर वाट कुठेतरी तुटलेली. हे सगळं निर्दोष निघालं, की मग चार्जिंगची आयसी, बीक्यू२४१९३.

या धंद्यातलं खरं कसब सोल्डरिंगचं नाही, संशयाचा क्रम लावण्याचं आहे. आधी केबल, मग अडॅप्टर, मग पोर्ट, मग आयसी. स्वस्ताकडून महागाकडे, उलटवता येईल त्याकडून न येईल त्याकडे. घरात आणि कचेरीत आपण नेमकं उलट करतो. कारण शोधण्याआधीच सोल्डर वितळवणारी हॉट एअर गन हातात. बोर्डावर निदान तापमान तरी लावता येतं.

एवढं करूनही दुरुस्तीवाल्याची पंचाईत असतेच. ‘नवी बॅटरी टाकली’ म्हटलं की गिऱ्हाईक हसतहसत पैसे मोजतं. ‘बॅटरी उत्तम आहे, फक्त केबल बदला’ म्हटलं की त्याचा चेहरा पडतो: नुसतं मीटर लावायचे एवढे पैसे? बिलावर सुट्या भागाला रकाना असतो, मजुरीलाही असतो. पण एक निरपराध बॅटरी सुटली, तिच्या वकिलाची फी कुठल्या रकान्यात लिहायची?