सव्वा सूत

कॉलेजात गाडी बनवणाऱ्या पोरांच्या टोळीत एक जण असा असतोच, ज्याच्या हाताला ग्रीस लागत नाही. कुणी वेल्डिंग करतं, कुणी सस्पेन्शनशी झुंजतं, कुणी गाडी चालवायला मिळावी म्हणून चार महिने सगळ्यांचा चहा भरतं. आणि एक जण हातात वही घेऊन मागे उभा असतो. हा 'टीम मॅनेजर'. तुम्ही त्याला ओळखता. हाच पुढे तुमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि लग्नात पंगत बसण्याआधी पानं मोजतो.

माझ्या वाट्याला आला तो तंजावरचा नमुना होता. मी मूळचा कोल्हापूरचा, बारा वर्षं तंजावरातल्याच एका इंजिनियरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतोय. पोरांच्या 'बाहा' टीमचा मी फॅकल्टी ॲडव्हायझर, म्हणजे गाडी धावली तर फोटोत आणि मोडली तर चौकशीत. बाहा म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या, खाचखळग्यांतून पळणाऱ्या एकसीटी गाड्यांची स्पर्धा. आपल्याकडे ती २००७ पासून इंदूरजवळच्या पीथमपूरला भरू लागली. इंजिन एका सिलिंडरचं, ताकद बेताची, नियमांचं पुस्तक मात्र पंचांगासारखं.

आमच्या मॅनेजरच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, व्हर्नियर कॅलिपर असायचा. पहिल्यांदा मी तो पाहिला तो मेसमध्ये. स्वारी मेदुवड्याचं भोक मोजत होती.

"काल अठरा मिलिमीटर होतं, सार. आज बावीस. भोकाच्या नावाखाली पीठ खातायत."

महिनाभराचा आलेख काढून त्याने तो मेस कमिटीपुढे ठेवला. कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी भोक अठरावर आणलं आणि वड्याचा बाहेरचा व्यास आटवला. यानेही आतला-बाहेरचा असे दोन रकाने पाडले. पोरांनी त्याचं नाव 'अळवु' ठेवलं. तमिळमध्ये अळवु म्हणजे माप.

मग गाडीच्या पिंजऱ्याचे पाइप आले. व्यास २५ मिलिमीटर, जाडी ३. दुकानदाराने पाठवलेल्यांत दोन नळ्या २.८ च्या निघाल्या. गठ्ठा परत गेला, पुन्हा आला. दहा दिवस पोरं रिकामी बसून हवेत हँडल फिरवत होती. भेलच्या कारखान्यामुळे त्रिची हे वेल्डरांचं गाव. तिथून एक म्हातारा वेल्डर दोन दिवसांसाठी आणला, तर हा प्रत्येक सांध्यावर कॅलिपर टेकवायला हजर. म्हाताऱ्याने काच वर केली आणि शांतपणे म्हणाला, "तंबी, अदु कण्णु पात्तुक्कुम." पोरा, ते डोळा बघून घेईल. अळवुने वहीत लिहिलं : 'डोळा – अचूकता नमूद नाही.'

डिझाइनच्या सादरीकरणात परीक्षकांनी विचारलं, गाडी वळणावर उलटणार नाही कशावरून? याने पिशवीतून तंजावरची मान डोलावणारी बाहुली काढली. तिचा तळ गोल आणि जड असतो, त्यामुळे कितीही ढकलली तरी ती उभी राहते. ढकलली, उभी राहिली. टाळ्या पडल्या. "आता हेच गाडीच्या मॉडेलवर," परीक्षक म्हणाले. ढकललं, आडवं झालं. अळवुने शांतपणे व्हर्नियर काढला आणि ते किती सरकून पडलं ते मोजलं.

'अंदाजे' या शब्दाचं त्याला वावडं होतं. माझ्या एका पत्रात 'अंदाजे खर्च' असं होतं, तर त्याने ते सहीसकट परत आणलं. मी वैतागलो. म्हटलं, हे खूळ आलं कुठून? तो मला थेट मोठ्या देवळात घेऊन गेला.

"सार, हे माझं नाही. हे गावाचं आहे."

राजराज चोळाचं बृहदीश्वर मंदिर, १०१० साली पुरं झालेलं. आपण शिखराकडे बघत मान मोडून घेतो. अळवु खाली, पायथ्याच्या अक्षरांशी बसला. तिथल्या लेखांत एकेका मूर्तीची उंची पायापासून केसांपर्यंत किती बोटं ते कोरलेलं आहे. दागिन्यांचं वजन मंजाडी आणि कुन्रीपर्यंत, म्हणजे आपल्या गुंजेपर्यंत. नंदादीप तेवता ठेवायला एका दिव्यामागे ९६ मेंढ्या. चारशे नर्तकींची नावं आणि त्या कोणत्या आळीत, कितव्या घरात राहायच्या तेही.

"हे देऊळ नाही, सार. हा प्रोजेक्ट रिपोर्ट आहे. बरोबर देऊळ जोडलंय."

मी हसलो. हे हसणं बरोबर होतं. पुढचं नव्हतं.

त्याच आवारात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आहे. अळवुचं घर राजवाड्याजवळच्या मेलवीथीत, घरची भाषा मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग आलेली, साडेतीनशे वर्षं तमिळच्या शेजारी नांदलेली. मला बरं वाटावं म्हणून तो त्या भिंतीवरच्या दोन ओळी मोठ्याने वाचू लागला आणि मग आपल्या बोलीत त्यांचा अर्थ सांगू लागला. शब्द जुन्या दप्तरातले, चाल कावेरीकाठची. मी कोल्हापूरचा. मला हसू फुटलं. "अरे, ही कुठली मराठी?" असंही म्हणालो बहुतेक. तो पण हसला, वही मिटली आणि कॉफी प्यायला चला म्हणाला.

त्यानंतर तो माझ्याशी तमिळ आणि इंग्रजीतच बोलायचा. माझ्या ते लक्षातही आलं नाही. मला वाटलं, पोरगं कामात आहे.

दोन दिवसांचा प्रवास करून आम्ही पीथमपूरला पोचलो. तपासणीत पहिला पाइप झाला : २५ आणि ३. अळवुची मान त्या बाहुलीसारखी डोलली. मग ड्रायव्हर हेल्मेट घालून बसला. नियम असा, की हेल्मेट आणि पिंजरा यांच्यात १५२ मिलिमीटर जागा हवी. तपासनिसाने साधी टेप लावली. १४८.

"तुम्ही मोजलं नव्हतं?" त्याने विचारलं.

मोजलं होतं. पण अळवुचा व्हर्नियर १५० पर्यंतच उघडायचा. शेवटचे दोन मिलिमीटर पठ्ठ्याने टेपने बघायला हवे होते, आणि टेप हे त्याच्या मते शिंप्याचं हत्यार. त्याच्या तोंडून चक्क 'अंदाजे' असा शब्द निघाला. वड्याच्या भोकाचा आलेख काढणारा हा माणूस ड्रायव्हरच्या डोक्यावर गोता खाऊन बसला होता.

पोरांनी त्याला काय काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही. एकाने ड्रायव्हरची मोट्टै, म्हणजे चकोट करायचा उपाय सुचवला. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी केस धरले. शेवटी ठरलं, की सीटच्या चार पट्ट्या काढून त्या मिलिंग करून खाली घ्यायच्या. पण रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि ओळखीचं कुणी नव्हतं. मी हिंदीत तीन ठिकाणी विचारून आलो. तिन्ही शटरं बंद.

चौथ्या शटरशी अळवु गेला. आतून एक वयस्कर गृहस्थ "आता बंद" असं मराठीत म्हणाले. इंदूरकडचे, होळकरांच्या मुलखातले. मी पुढे होणार, एवढ्यात अळवु बोलू लागला. मराठीत. त्याच त्या, मी हसलेल्या मराठीत. काका, लांबून आलोय, गाडी अडलीय, पोरं उपाशी आहेत. काकांनी शटर अर्ध्यावर धरलं आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"कुठला रे तू?"

"तंजावर."

"अरे, अशी माझी पणजी बोलायची!" काका म्हणाले आणि शटर वर गेलं.

होळकरांच्या बाजूचा एक आणि भोसल्यांच्या बाजूचा एक असे दोघे त्या पट्ट्यांवर वाकले. कोल्हापूरचा मी स्टुलावर बसून त्यांचा चहा धरला होता.

"किती खाली घ्यायचंय?"

"चार मिलिमीटर."

"म्हणजे सव्वा सूत." काकांनी अंगठ्याने खूण केली. अळवुने मनात गणित केलं : सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याच्या सव्वापट ३.९७. त्याचा चेहरा असा उजळला, जणू राजराजाने खास त्याच्यासाठी एक ओळ कोरून ठेवली होती. "सव्वा सूत," तो दोनतीनदा पुटपुटला. व्हर्नियर खिशातच राहिला. काकांनी पैसे घेतले नाहीत. वर पोरांसाठी शेवेची पिशवी बांधून दिली.

सकाळी टेपवर १५२ भरले. चार तासांच्या शर्यतीत गाडी तिसऱ्या तासापर्यंत पळाली आणि मग पट्टा तुटून एका खड्ड्यात शांत बसली. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर चार विश्वस्त मोठे, गाडी लहान, ड्रायव्हर केसांसकट. मॅनेजर कुठेच नव्हता. मोठ्या देवळातल्या नर्तकींचा पत्ता हजार वर्षं टिकला. याचं नाव एका फ्लेक्सवर मावलं नाही.

महिन्याभराने त्याने अहवाल आणून दिला. एकशे बारा पानं. कुणी किती तास काम केलं, कुणी किती चहा प्याला, त्रिचीच्या वेल्डरचं जेवण, सगळं मिनिट आणि पैशांसकट. शेवटच्या पानावर एक नोंद होती : 'इंदूरचे काका. दर : घेतला नाही. वेळ : अंदाजे दोन तास.'

मी पेन थांबवलं.

"अंदाजे?"

तो खाली बघत म्हणाला, मराठीत, त्याच्या मराठीत, की बोलता बोलता घड्याळ बघायचं राहूनच गेलं.

मी सही केली. या वेळी हसलो नाही.