‘का’ विचारू नका, फाईल मागा

सकाळी साडेसहाला चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या कोणालाही विचारा, हा रस्ता कोणाचा? एकही जण छातीठोकपणे सांगणार नाही. पुणे-नाशिक महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाकडे, औद्योगिक वसाहतीतले रस्ते एमआयडीसीकडे, गावठाणातले नगर परिषदेकडे, उरलेले कुठे पीडब्ल्यूडीकडे तर कुठे जिल्हा परिषदेकडे. खड्डा मात्र सगळ्यांचा एकच, आणि त्यातून रोज जाणारी माणसंही तीच.

मग कोणीतरी चिडून माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मजकूर : ‘हा रस्ता दोन वर्षांत का उखडला? जबाबदार कोण?’ महिन्याने उत्तर येतं : ‘आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ माणूस कागदाचा बोळा करतो आणि म्हणतो, कायदा बोगस आहे.

कायदा बोगस नाही. अर्ज चुकला. २००५चा हा कायदा अधिकाऱ्याला खुलासा करायला लावत नाही, त्याच्या कपाटातला कागद बाहेर काढायला लावतो. ‘का’ला कागद नसतो. कार्यारंभ आदेशाला असतो, मोजमाप पुस्तकाला असतो, बिलाला असतो, दोष दायित्व कालावधी किती ते लिहिलेल्या करारनाम्याला असतो. हे चार कागद मागा, ‘का’चं उत्तर आपोआप मिळतं. आपल्याकडे राज्याच्या नियमाने अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो. ही अट मला अजिबात मान्य नाही, पण एवढे कागद मागायला पन्नास शब्दही पुरतात.

त्याहून मोठी गोष्ट अशी की प्रती मागायच्या आधी फाईल बघायला मागावी. कलम २(ञ) अभिलेख समोर बसून पाहण्याचा, टिपणं काढण्याचा, इतकंच काय, कामात वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क देतं. पहिला तास फुकट. प्रती मागितल्या की पानाला दोन रुपये, आणि अधिकारी त्याच्या मनाला येतील ती पानं निवडणार. फाईल समोर आली की पानं तुम्ही निवडता.

हे मी अनुभवावरून सांगतोय. आमच्या सोसायटीसमोरच्या पावसाळी गटाराची फाईल बघायला मी एका कार्यालयात गेलो होतो. पांढऱ्या नाडीने बांधलेला जाडजूड गठ्ठा टेबलावर आला. डाव्या बाजूला टिपणी, उजव्या बाजूला पत्रव्यवहार, कोपऱ्यात पेन्सिलीने घातलेले पान क्रमांक. मधले तीन क्रमांक गायबच होते. मोजमाप पुस्तकात चेंबरच्या झाकणांची संख्या लिहिली होती चौदा, खाली सही, तारीख. घरी येताना मी गटाराच्या कडेने चालत झाकणं मोजली. नऊ भरली. परत मोजली. नऊच. पुढच्या अर्जात फक्त त्या एका पानाची साक्षांकित प्रत मागितली. पंधरा दिवसांत उरलेली पाच झाकणं बसली. कोणी भाषण केलं नाही, मोर्चा काढला नाही. एका चेंबरमध्ये आदल्या पावसाळ्यात शेजारच्या पोराचा पाय गेला होता, म्हणून ही नऊ-चौदाची गोष्ट मला आजही छोटी वाटत नाही.

राज्य सरकारने २०१८ साली परिपत्रक काढून जिल्हास्तरावरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना सांगितलं की दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख बघू द्या. निर्णय चांगला होता, आधी पुणे महापालिकेत रुजलेला होता. पण पिंपरी-चिंचवडच्या माणसाने तो वार आणि ती वेळ नीट बघावी. दुपारी तीनच्या सुमाराला पहिली पाळी सुटते आणि दुसरी पाळी गेटवर पंच करत असते. भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, सोमवारी नव्हे. ज्या शहराचं घड्याळच पाळीवर चालतं, तिथे सोमवारचे दोन तास म्हणजे कामगाराला कुलूप. पालिकेने आणि एमआयडीसीने गुरुवारचा दिवस द्यायलाच हवा. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक सही लागते.

आता दारोदार फिरवण्याबद्दल. ‘हा रस्ता आमचा नाही’ एवढंच लिहून अर्ज परत करणं कलम ६(३)मध्ये बसत नाही. ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्याकडे पाच दिवसांत अर्ज पाठवणं हे जनमाहिती अधिकाऱ्याचं काम आहे, तुमचं नाही. फक्त एक लक्षात ठेवा : केंद्राच्या कार्यालयात कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर लावा. या एका चुकीपायी महामार्गाबद्दलचे किती अर्ज परत येत असतील!

आणि ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर आलं तर गप्प बसू नका. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमात अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पहिल्या अपिलात या कायद्याचं नाव लिहा. सापडत नसलेली फाईल पुष्कळदा सापडते. पहिल्या अपिलावर थांबता आलं तर उत्तम, कारण दुसऱ्या अपिलाची रांग भीषण आहे. सतर्क नागरिक संगठनच्या २०२३च्या अहवालात महाराष्ट्राच्या माहिती आयोगाकडे प्रलंबित प्रकरणं एक लाखाच्या वर होती, देशात सर्वांत जास्त.

कागद मागणं हे इथे कधीच फुकटचं काम नव्हतं. चाकणहून तासाभराच्या आत असलेल्या तळेगाव दाभाडेत १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघालेल्या सतीश शेट्टी यांचा खून झाला. द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार त्यांनी असेच कागद मागून उघडे केले होते. तपास सीबीआयपर्यंत गेला, आणि आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. म्हणूनच नोव्हेंबर २०२५मध्ये माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं गेलं तेव्हा मला राग आला. सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी लागते, हे त्या कलमातले शब्द काढून टाकले. आता ‘वैयक्तिक’ एवढा शिक्का पुरतो. व्यापक जनहिताचं कलम ८(२) अजून शाबूत आहे. नकार आला तर अपिलात तेच लिहा.

गुरुवारी सुट्टी असलेल्यांसाठी अर्जाचं शेवटचं वाक्य देतो, तसंच्या तसं उतरवा : ‘सदर कामाची मूळ नस्ती, टिपणी भाग व मोजमाप पुस्तकासह, मला कामकाजाच्या कोणत्याही गुरुवारी अवलोकनासाठी उपलब्ध करून द्यावी व दिनांक, वेळ लेखी कळवावी.’ जाताना सोबत एक माणूस न्या, एक वही न्या, आणि परतताना रस्त्याने चालत या.