कोपऱ्यातला डाग

तो डाग मी आधी ओल्या फडक्यानं पुसला. मग कोरड्यानं. मग नखानं खरवडून पाहिला. मॉनिटरच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, पाण्यानं लिहिल्यासारखी फिकट इंग्रजी अक्षरं. जातील तर शपथ. शेवटी ह्यांना हाक मारली. ह्यांनी चष्मा वर सरकवून बघितलं आणि म्हणाले, "अगं, तो डाग नाही. ते आतून आलंय."

आतून आलंय! भिंतीला ओल यावी तसं.

सकाळी कचरागाडी गाणं वाजवत पुढच्या गल्लीत वळली की शेजारच्या माई भिंतीशी येतात. आमच्या परदेशीपुऱ्यात दोन घरांमधली भिंत छातीएवढीच. तिच्यावर माईंची तुळस, माझं वाळत घातलेलं पायपुसणं आणि दोघींची कोपरं एवढं मावतं. ओल्या-सुक्याचे डबे तेव्हा हातातच असतात. इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं त्यात आमचाही वाटा आहे. दुसरीच्या डब्यात काय निघालं हे बघितल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही.

मी डागाचं सांगितलं.

"लिहिलंय काय?"

"ॲक्टिव्हेट विंडोज."

माईंनी डबा खाली ठेवला. माईंनी डबा खाली ठेवला की समजायचं, आज पोहे गार होणार.

"अगं, म्हणजे तुमचं विंडोज चोरीचं आहे."

माई 78 वर्षांच्या. नातू बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. तो दर रविवारी फोनवर जे सांगतो ते माई सोमवारी भिंतीवर मांडतात, त्यामुळे आमच्या गल्लीला तंत्रज्ञान एक दिवस उशिरा पण व्यवस्थित पोचतं. तरी मला राग आला.

"चोरीचं कसं असेल माई? पैसे मोजलेत. बिल आहे आमच्याकडे."

"आण बिल."

आणलं. गॅसच्या पुस्तकात घडी घालून ठेवलं होतं, 2016 चं. दुकानाचं नाव इथे सांगत नाही; माईंनाही अंगठ्याखाली झाकूनच दाखवलं. माई बोट फिरवत वाचायला लागल्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम 4 जीबी, हार्डडिस्क, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माऊस, एक्स्टेंशन बोर्ड. शेवटच्या ओळीत माऊसच्या खालची रबरी चटई, रुपये 30.

"विंडोज कुठाय?"

नव्हतं. दोनदा बघितलं, मागची बाजूही बघितली.

"तीस रुपयांची चटई लिहिली त्यानं, आणि ज्याच्यावर सगळा कारखाना चालतो ते तुझ्या तोंडाकडे बघून फुकट दिलं होय?"

आता सांगायला हरकत नाही, त्या दुकानात मी घासाघीस करून दोनशे रुपये कमी करून घेतले होते आणि घरी येईपर्यंत ह्यांना तेच ऐकवत होते. दुकानदार बिचारा हसून म्हणाला होता, "लो भाभीजी, विंडोज भी डाल दिया, ऑफिस भी डाल दिया, खुश?" मी खूष. पोह्यांवरच्या जिरावणाची पुडी वर टाकून द्यावी तसं त्यानं ते टाकून दिलं. माईंचा नातू म्हणतो, विंडोज 10 भारतात आलं तेव्हा घरगुती आवृत्तीची किंमत 7,999 रुपये होती. म्हणजे ज्याच्याकडून मी दोनशे कमी करून घेतले त्यानं आठ हजारांचा माल हसत हसत दिला, आणि मला वाटलं मीच त्याला फसवला.

"आणि ऑफिसही चोरीचंच असणार," माई म्हणाल्या.

"ऑफिस कुठलं माई, हे तर 2019 ला रिटायर झाले."

माईंनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी मला नीट समजावलं, आणि ते मला जसं समजलं तसं सांगते. मोठ्या कंपन्यांत शेकडो कॉम्प्युटर असतात. प्रत्येकाची वेगळी किल्ली कोण सांभाळणार? म्हणून कंपनी आपल्याच इमारतीत एक मुनीम-कॉम्प्युटर बसवते. बाकीचे त्याला विचारतात, आम्ही खरे ना? तो म्हणतो, खरे. ह्या होकाराची मुदत 180 दिवस, मग पुन्हा विचारायचं. आता ह्या टाकून देणाऱ्यांनी काय केलं, तर तुमच्याच डब्यात एक खोटा मुनीम बसवला. कॉम्प्युटर स्वतःलाच विचारतो आणि स्वतःच मान डोलावतो. दहा वर्षं आमच्या घरात हे चाललं होतं आणि मी त्या डब्यावर रोज फुलांची जाळी घालत होते. मध्ये कधीतरी भाच्यानं येऊन ॲन्टीव्हायरस चालू केला, त्यानं तो मुनीम हुडकून हाकलला, आणि म्हणून डाग वर आला.

"पण ॲन्टीव्हायरस बंद का होता मुळात?" मी विचारलं.

"कारण ते क्रॅक, म्हणजे तो खोटा मुनीम, टाकताना पहिली अटच ती असते. आधी ॲन्टीव्हायरस बंद करा. चोर दारात उभा राहून सांगतोय, वहिनी, आधी कुत्रं बांधा, आणि आपण बांधतो!"

इथे माईंना मागच्या गल्लीतला फोटोवाला आठवला. त्यानं लग्नाचे अल्बम करायचं महागडं सॉफ्टवेअर असंच कुठून तरी फुकट उतरवून घेतलं. रात्रीत सगळ्या फोटोंच्या नावांपुढे भलतीच शेपटी लागली, एकही उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी: डॉलरमध्ये पैसे भरा, मग किल्ली देतो. कुणाकुणाची लग्नं अडकली त्यात. एका जोडप्याला तर म्हणे घटस्फोट होईपर्यंत अल्बम मिळाला नाही. (हे शेवटचं माईंचं. माई मीठ घालतात.) पोलिसांकडे तो गेला नाही. सांगणार काय? माझ्या चोरीच्या मालात चोरी झाली?

मीठ न घालताही पुरेसं आहे म्हणा. 2017 च्या मे महिन्यात तो वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्यावरचा उतारा विंडोजच्या कंपनीनं मार्चमध्येच दिलेला होता. पण चोरीचं विंडोज वापरणारा माणूस अपडेट लावतो कुठे? पकडले जाऊ म्हणून ते बटण तो आधी बंद करतो. लस फुकट मिळत होती आणि नाव लिहून घेतील म्हणून आपण रांगेतच उभे राहिलो नाही, असा तो प्रकार.

मी म्हटलं, "माई, पण सगळ्यांकडे हेच आहे. कोपऱ्यावरचा टायपिंगवाला, कृतिदेवमध्ये हिंदी टाइप करणारा, तो काय विकत घेऊन बसलाय?"

"नसेल. कंपन्यांच्या संघटनेनं मोजलं होतं, 2017 साली आपल्याकडे शंभरातली 56 सॉफ्टवेअरं बिनपरवान्याची. संघटना कंपन्यांचीच, तेव्हा काटा थोडा त्यांच्याकडे झुकता धर. पण म्हणून काय? सगळी गल्ली आकडा टाकून वीज घेते म्हणून तार गार होते का?"

लग्नपत्रिकांचा विषय निघाला तेव्हा माईंनी एक छान सांगितलं. पूर्वी मराठी पत्रिका जिथे जुळवल्या जायच्या तिथे पुण्याची श्रीलिपी असायची, आणि तिला कुलूप असायचं. कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरची वायर लागते तिथे, काडेपेटीएवढा डोंगल. तो काढला की श्रीलिपी मुकी. माईंच्या मुलीच्या लग्नात पत्रिका आठ दिवस उशिरा आल्या, कारण छापखान्यातल्या पोरानं डोंगल खिशात घालून गावी नेला होता. पुण्याच्या माणसानं कुलूप लावलं आणि अमेरिकेच्या माणसानं नाही, ह्यावर आम्ही दोघी हसलो. मग माई म्हणाल्या, "हसू नकोस. त्यानं कुलूप मुद्दाम ढिलं ठेवलं असेल."

बिल गेट्सचं सांगत होत्या. 1976 साली ह्याच गृहस्थानं हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघडं पत्र लिहून फैलावर घेतलं होतं, की तुम्ही बहुतेक जण आमचा प्रोग्राम चोरता. आणि 1998 मध्ये चीनबद्दल बोलताना म्हणाला, चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत. एकदा चटक लागली की पैसे कसे वसूल करायचे ते पुढच्या दहा वर्षांत बघू.

"आपण माळव्यातली माणसं," माई म्हणाल्या. "मंदसौर-नीमचला अफूची शेतं आहेत. पहिली गोळी फुकट का देतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको."

मला बरं वाटलं. म्हणजे त्या कंपनीलाही चालत होतं तर! मी तसं म्हणायला तोंड उघडलं, पण माईंचा चेहरा बदलला होता. माईंचे मालक हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. थकलेले पैसे कोर्टातून फिरत फिरत निघाले ते 2023 च्या डिसेंबरात. 4,800 कामगारांचे मिळून 224 कोटी. 32 वर्षं. मालक तोवर नव्हते. माई एकदाच म्हणाल्या, आणि ते भिंतीकडे बघून, "ती कंपनी गडगंज आहे, तिच्यासाठी मी रडत नाही. पण केलेल्या कामाचे पैसे बुडवले की कुणालातरी बरंच वाटत असतं, एवढं मला माहीत आहे." आणि तुळशीची वाळकी पानं काढायला लागल्या.

थोड्या वेळानं मीच विषय हलवला. "आता करू काय? ऑनलाइन तीन-चारशेला किल्ली मिळते म्हणतात."

"ती बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीच्या जुडग्यातली असते, एकेक काढून विकलेली. एक दिवस कंपनी कुलूप बदलते. आणि विकत तरी काय घेणार? तुमच्या 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. 11 ला टीपीएम नावाची चिप लागते, प्रोसेसरही नवा लागतो. तुमच्या डब्यावर ते बसायचं नाही. तुम्ही चोरून खाल्लं ते खाल्लं, आता ते शिळंही झालंय."

"मग तुमच्याकडे काय आहे?"

"पेंग्विनवालं." माई ताठ झाल्या. "लिनक्स. फुकट, आणि राजरोस फुकट. कीर्तन ऐकते, पत्ते खेळते, नातवाला बघते. मला अजून काय करायचंय?"

माईंना नसेल करायचं. पण आमचे हे त्या डब्यावर आजूबाजूच्या दुकानदारांची आयकराची विवरणं भरून देतात, आणि त्यांची ती एक्सेलवाली फाइल पेंग्विनवर नीट चालत नाही. मी हे सांगितलं मात्र, माईंनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्या हातातलं पायपुसणं पडलं.

"म्हणजे धंद्यासाठी वापरता?"

"धंदा कसला, शंभर-दोनशे देतात..."

"कॉपीराइट कायदा, कलम 63-ब," माई म्हणाल्या. खरंच म्हणाल्या. मिलच्या केसमुळे माईंना कायद्याची पुस्तकं पाठ आहेत. "1994 च्या दुरुस्तीत घातलंय. नक्कल केलेला प्रोग्राम वापरला तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं. दंड पन्नास हजार ते दोन लाख. कमाईसाठी वापरत नसाल तर कोर्ट तुरुंग माफ करू शकतं, पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागतं. पण तुमचे हे तर कमावतात."

माझ्या पोटात गोळा आला. "माई, पण आम्हाला माहीतच नव्हतं हो!"

"हां," माई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जरा हसल्या. "तेच तर. कायद्यात शब्द आहे, जाणूनबुजून. न जाणता वापरलं तर ह्या कलमात बसत नाही. कालपर्यंत तुला वाटत होतं काचेवर डाग आहे. फडक्यानं पुसणाऱ्या बाईला कोण धरेल?"

मी सुस्कारा सोडला.

"पण आता मी तुला सांगितलं," माई म्हणाल्या. डबा उचलला आणि आत गेल्या.

मी तिथेच उभी. भिंतीपलीकडून कीर्तन सुरू झालं, राजरोस. आमच्या घरातून ह्यांचा कीबोर्ड वाजत होता. एका दुकानदाराचं विवरण भरणं चाललं होतं. मी आत गेले, पोह्यांची कढई पुन्हा गॅसवर ठेवली, वरून शेव घातली, आणि ताटली टेबलावर ठेवताना मुद्दाम त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही.

"काय गं, एवढा वेळ?" हे म्हणाले. "त्या डागाचं विचारलंस का माईंना?"

"विचारलं."

"मग?"

"ओल आहे म्हणाल्या. उन्हाळ्यात जाईल."