तिसरा साक्षीदार

विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये होणाऱ्या लग्नाला तीन साक्षीदार लागतात. पहिले दोन विनासायास मिळतात: मुलाचा कॉलेजातला मित्र आणि मुलीची ऑफिसातली मैत्रीण. तिसरा मात्र ऐन वेळी गळतो. त्याला अचानक मीटिंग लागते, त्याची लोकल चुकते, किंवा मुलीच्या काकांशी आपला अजून बरीच वर्षे संबंध येणार आहे हे त्याला त्या दिवशी सकाळीच सुचते. दोघांवर का भागवले नाही, हे कायद्यात कुठेही सांगितलेले नाही. परंतु या एका जादा जागेमुळे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात एक खास माणूस तयार झाला आहे. रजिस्टर लग्नाच्या तारखेआधी दोन दिवस ज्याला फोन जातो आणि जो ‘कितीला पोचू?’ एवढेच विचारतो, तो तिसरा साक्षीदार.

हा बहुधा पन्नाशीच्या आसपासचा असतो. नोकरी बँकेत, विमा कंपनीत किंवा पालिकेत. हाफ डे टाकणे सोपे जाईल अशी. तरुणपणी एखाद्या पुरोगामी संघटनेच्या शिबिराला जाऊन आलेला. हातात पारदर्शक प्लास्टिकचे फोल्डर, त्यात ओरिजिनल आधार, पॅन, दोन्हींच्या सही केलेल्या झेरॉक्स, काळ्या शाईची दोन पेने, गमस्टिक आणि पासपोर्ट साइज फोटोंचे पाकीट. फोटो जुने असतात. त्यांतले केस आता डोक्यावर नसतात, पण आजवर कोणत्याही क्लार्कने त्यावर हरकत घेतलेली नाही.

साक्षीदाराच्या पात्रतेबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. सज्ञान असावा, ओळखपत्र असावे आणि सही करता यावी, एवढ्यावर कार्यालयाचे भागते. तिसऱ्या साक्षीदाराला हे पद इतके स्वस्त झालेले पटत नाही. म्हणून त्याचे काम लग्नाच्या दिवशी नव्हे, नोटिशीच्या दिवशी सुरू होते. त्या दिवशी त्याची काहीही गरज नसते. तरी तो येतो.

नोटीस कुठे द्यायची, इथून त्याचे मार्गदर्शन सुरू होते. वधूवरांपैकी किमान एकजण नोटिशीआधी तीस दिवस ज्या जिल्ह्यात राहत असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे ती द्यावी लागते. मुलगा हिंजवडीत भाड्याने राहतो, आधार कार्डावर पत्ता लातूरचा आणि भाडेकरार मित्राच्या नावावर, हा पेच त्याच्या विशेष आवडीचा. ‘कोर्ट मॅरेज’ हा शब्द कुणी उच्चारला की तो थांबवतो. इथे कोर्ट नाही, वकील नाही, न्यायाधीश नाही; ज्या खात्यात फ्लॅटचे दस्त नोंदवतात त्याच नोंदणी व मुद्रांक विभागाचे हे काम आहे. अंगठ्याचे यंत्र आणि वेबकॅमही तसाच. ही माहिती ऐकून वधूचा चेहरा जरा उतरतो, ते त्याच्या लक्षात येत नाही.

नोटीस दिली की ती नोटिशीच्या वहीत नोंदवतात आणि तिची प्रत कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात. त्यानंतर तीस दिवस थांबायचे. घरच्यांना न सांगता लग्न करणाऱ्यांना हा महिना फार लांब वाटतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणे वधूवरांच्या इच्छेवर सोडले, पण तो निकाल उत्तर प्रदेशातला, हेही तिसरा साक्षीदारच सांगतो. म्हणजे दिलासा देतो आणि त्याच वाक्यात काढून घेतो. स्वतः तो बोर्डावरची प्रत्येक नोटीस सावकाश वाचतो. नावे, वये, धंदा, पत्ता. एखादे आडनाव ओळखीचे निघाले की ‘अरे, हे सांगलीचे का?’ असे म्हणून फोनकडे हात नेतो. त्या वेळी त्याला आवरावे लागते.

हरकत या विषयावर त्याचा अभ्यास दांडगा आहे. तीस दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो, पण कारण चौथ्या कलमातले हवे: एकाचा जोडीदार हयात आहे, वय भरत नाही (मुलगा एकवीस, मुलगी अठरा), संमती देण्याइतकी मनःस्थिती नाही, किंवा दोघे निषिद्ध नात्यातले आहेत. मुलगी मासे खाते, मुलाचे स्वतःचे घर नाही, आत्याला आधी सांगितले नाही, ही कारणे कितीही सबळ असली तरी अधिकाऱ्याला ती ऐकून घेता येत नाहीत. निषिद्ध नात्यांची यादी कायद्याच्या परिशिष्टात आहे, मुलासाठी सदतीस आणि मुलीसाठी सदतीस. त्यात सदतिसावी मामाची मुलगी. ज्या महाराष्ट्रात मामाच्या मुलीवर हक्क सांगण्यात पिढ्या गेल्या, तिथे हे वाचून दाखवताना त्याचा आवाज चढतो. रूढी असेल तर वाट निघते, अशी दुरुस्ती १९६३ मध्ये झाली. ती तो हळू आवाजात सांगतो.

नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झाले नाही तर नोटीस बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून. याची आठवण तो दर आठवड्याला मेसेजने करतो. काही लग्ने प्रेमापेक्षा या मेसेजला कंटाळून वेळेत झाली असावीत.

लग्नाच्या दिवशी तो सर्वांआधी हजर असतो. नवरदेव टोकनच्या रांगेत, नवरी मैत्रिणीकडून निऱ्या सारख्या करून घेत असते, हार आणायला गेलेला भाऊ अजून पार्किंगमध्ये. तिसरा साक्षीदार तोवर आतल्या क्लार्कला ‘काय भाऊसाहेब, आज गर्दी?’ असे विचारून आलेला असतो. क्लार्क त्याला ओळखतो. त्या ओळखीचा उपयोग एवढाच की नंबर जेव्हा यायचा तेव्हाच येतो, पण उशीर का होतो आहे ते कळते.

बाहेरचे एजंट हे त्याचे हाडवैरी. फॉर्म भरण्यापासून फोटोग्राफरपर्यंत सगळे पुरवणाऱ्या एजंटाकडे साक्षीदारही मिळतो, दर सहीमागे ठरलेला. तो भाडोत्री माणूस नवरीचे नाव सही करतानाच वाचतो. तिसरा साक्षीदार त्याच्याकडे तुच्छतेने पाहतो. दोघे महिन्यातून किती वेळा भेटतात याचा हिशेब एजंटाकडे असतो, आणि ‘साहेब, आज कुणाकडून?’ हा त्याचा प्रश्न जिव्हारी लागतो.

मग आत बोलावणे येते. वधूवर आणि तीन साक्षीदार प्रतिज्ञापनावर सह्या करतात. अंगठा घेताना यंत्र बाकी चौघांचा एका फटक्यात घेते. तिसऱ्या साक्षीदाराचा घेत नाही. तो अंगठा पँटला पुसतो, कपाळावरून फिरवतो, पुन्हा दाबतो. क्लार्क म्हणतो, ‘जोर नका देऊ काका.’ रांगेतली पुढची तीन जोडपी काचेतून पाहत असतात. अखेर डाव्या हाताचा अंगठा लागतो आणि लग्न पुढे सरकते. त्यानंतर दोघांनी एकमेकांना कायदेशीर जोडीदार म्हणून स्वीकारत असल्याचे अधिकाऱ्यासमोर बोलून दाखवायचे असते. नवरदेवाचा घसा कोरडा पडतो. नवरी एका दमात वाचून मोकळी होते. कायद्याच्या दृष्टीने लग्न तेव्हाच लागले, पण तिसऱ्या साक्षीदाराचे समाधान होत नाही. आयुष्यभर कर्मकांडावर टीका केलेला हा माणूस शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढतो आणि सगळ्यांच्या हातावर चार चार अक्षता ठेवतो. टेबलावर तांदूळ सांडतात. अधिकारी वर न पाहता म्हणतात, ‘नेक्स्ट.’

मुलीचे आईवडील आलेच तर तो मुद्दाम त्यांच्या शेजारी बसतो. ‘वहिनी, काळजी करू नका, सगळं कायद्याला धरून आहे,’ हे त्याचे सांत्वन. त्या माउलीचे दुःख कायद्याचे नसते, पण तिलाही कुणीतरी बोलायला हवेच असते. आईवडील आलेले नसले, तर नमस्कारासाठी वाकलेल्या जोडप्यापुढे तो पाय मागे घेतो आणि आशीर्वाद मात्र पुढे करतो.

मानधन तो घेत नाही. जेवण घेतो. थाळी आल्यावर तो १८७२ च्या कायद्यापासून सुरुवात करतो: ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांच्या खटपटीतून तो कसा आला, आणि त्याखाली लग्न करणाऱ्याला आपण अमुक धर्माचे नाही असे कसे लिहून द्यावे लागे. ही अट १९५४ मध्ये गेली, इथपर्यंत तो येतो तेव्हा दुसऱ्यांदा सोलकढी आलेली असते आणि जोडपे टेबलाखाली एकमेकांचा हात धरून घड्याळ पाहत असते.

त्याचे स्वतःचे लग्न मंगल कार्यालयात, देवाब्राह्मणांच्या आणि अग्नीच्या साक्षीने झालेले असते. त्यांपैकी कुणाकडेही आधार कार्ड नव्हते. नोंदणी करायची राहून गेली. परदेशातल्या मुलीकडे जायचे ठरते, व्हिसासाठी विवाह प्रमाणपत्र लागते, तेव्हा हे उघड होते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करा असे सांगितले, हे ज्याने शंभर जणांना ऐकवले, तो महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखालचा नमुना ‘ड’ घेऊन बसतो. कोर्ट फी स्टॅम्प आणला. लग्नपत्रिका माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. लग्न लावणारे गुरुजी हयात नाहीत, म्हणून प्रतिज्ञापत्र केले. इथेही साक्षीदार तीनच. मेहुणा आणि साडू तयार झाले. ज्यांच्या लग्नाला त्याने सह्या केल्या त्यांतले निम्मे बेंगळुरूला, काही न्यू जर्सीत, आणि गावात उरलेल्या एका जोडप्याचा घटस्फोट चालू. त्यांपैकी एकाला बोलवावे तर दुसरा दुखावणार.

अखेर एजंटाने आपला माणूस दिला, ओळखीखातर, फुकट. नात्याच्या रकान्यात त्याने न विचारता ‘मित्र’ लिहिले.