फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्यास

रा. रा. फिटर महाशयांस,

स. न. वि. वि. हा नमस्कार पत्राची रीत म्हणून लिहिला आहे, तुमच्या कामाला नाही.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझ्या पुतण्याने दीडशे सीसीची मोटारसायकल तुमच्या दुकानासमोर उभी केली. कोकणात जायचं होतं, घाटात धुकं असतं, म्हणून त्याला जादा लाईट हवे होते. तुम्ही अर्ध्या तासात 55 वॅटचे दोन हॅलोजन बसवून दिलेत. दुसऱ्या दिवशी फ्यूज उडाला. पोरगा परत आला. तुम्ही होल्डर उघडलात, तांब्याच्या वायरीतली तार पिळून फ्यूजच्या जागी घातलीत आणि म्हणालात, ‘‘आता परत उडणार नाही.’’ शब्द पाळलात. पुढे उडालं काही नाही, जळलं मात्र सगळं.

आंबा घाटात, रात्री साडेदहाला, पावसात. टाकीखालून धूर, जळक्या प्लास्टिकचा वास आणि एकदम काळोख. इंजिन बंद, मागचा दिवाही बंद. पाठीमागे आमची सूनबाई बसलेली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने चार-पाच हातांवर ब्रेक मारला, म्हणून तुम्हाला माझं पत्र येतंय. नाहीतर पोलिसांचा कागद आला असता.

गाडी टेम्पोत घालून घरी आणली आणि पुढचे दोन रविवार मी अंगणात तिची वायरिंग उलगडत बसलो. हातात मीटर, समोर कंपनीचा वायरिंगचा नकाशा. तुमच्या काळ्या टेपच्या प्रत्येक गाठीखाली काय निघालं ते ऐका.

गुणाकार-भागाकार तिसरीतला आहे. 55 आणि 55 म्हणजे 110 वॅट. 12 व्होल्टवर ते नऊ अँपिअरच्या वर जातात. या गाडीचा मुख्य फ्यूज 10 अँपिअरचा, आणि इग्निशन, हॉर्न, इंडिकेटर, हेडलाईट सगळी त्याच फ्यूजची लेकरं. तो उडाला तो बिघाड नव्हता. वायर पेलणार नाही एवढा करंट मागितला जातोय, हे तो स्वतः वितळून सांगत होता. सांगणाऱ्याचं तोंड तुम्ही बांधलंत. मग गाडीच्या मानेपाशी, जिथे हँडल वळतं तिथे, घासून उघडी पडलेली तुमची वायर चासीला टेकली आणि बॅटरीतला सगळा करंट त्या वाटेने धावला. मध्ये थांबवणारं कोणी नव्हतंच.

जादा लाईट लावायचेच तर त्यांना बॅटरीवरून वेगळी वायर, बॅटरीच्या जवळ वेगळा फ्यूज, मध्ये रिले, आणि रंग खरवडून स्वच्छ केलेल्या जागी पक्की अर्थ. तुमची अर्थ रंगवलेल्या बोल्टला बांधलेली निघाली. आणि हे सगळं केलं तरी 110 वॅट या गाडीला जड. आधी तिचा स्टेटर किती वॅट देतो ते पाहायचं, मग दिवे निवडायचे.

आता पिवळ्या वायरींकडे येतो. स्टेटरमधून तीन पिवळ्या निघतात, तिन्हींत एसी करंट. तो रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये जातो, तिथे डीसी होतो आणि साडेचौदा व्होल्टच्या आसपास आवरला जातो. कपलरचं एक टोक काळं पडलेलं दिसलं, म्हणून तुम्ही कपलरच कापून फेकलात आणि वायरी नुसत्या पिळून जोडल्यात. सैल सांधा तापतो, तापला की गंजतो, गंजला की आणखी तापतो. एक पिवळी तुटूनच पडली होती. त्यामुळे इंजिन चालू असतानाही बॅटरीवर 12.3 व्होल्ट, आणि आकडा उतरत चाललेला. बॅटरी दोषी म्हणून नवी घ्यायला सांगितली होतीत ना? बॅटरी ठणठणीत आहे. नवा कपलर बसवला, जळकी वायरिंग बदलली, तुमचे हॅलोजन काढले. आज चार हजार आरपीएमला 14.2 व्होल्ट मिळतात.

पुतण्याने नकाशा दाखवला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘‘सगळ्या गाड्या सारख्याच.’’ हे वाक्य मला त्या तारेपेक्षा जास्त लागलं. होंडाच्या वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा करंट आणि हिरवी म्हणजे अर्थ. यामाहात काळी म्हणजेच अर्थ. रंगावर अंदाज बांधून जोडलंत तर थेट शॉर्ट. वडिलांच्या जुन्या चेतकला मॅग्नेटवरच ठिणगी मिळायची, बॅटरीची गरज नव्हती. ती बंद करायची तर इग्निशनची वायर अर्थला टेकवावी लागे. ठिणगी देणारा सीडीआय डीसी असेल तर गाडी बॅटरीवर जगते, ती बंद करायची तर 12 व्होल्ट तोडावे लागतात. म्हणजे एकीकडे जोडल्यावर बंद, दुसरीकडे तोडल्यावर बंद. हा फरक न कळता मॅग्नेटवर चालणाऱ्या एसी सीडीआयच्या बंद करायच्या वायरीला कोणी बारा व्होल्ट दिले, तर सीडीआय जागीच जातो. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत तर बहुतेक ठिकाणी ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, आला आहे. तिथे तुमची कात्री किती महागात पडेल, याचा विचार करा.

तुमचे हात चपळ आहेत, हे मी पाहिलंय. म्हणूनच राग जास्त आहे. काही शे रुपयांत डिजिटल मीटर मिळतो. कपलरची टोकं दाबायची पक्कड मिळते. नकाशा वाचायला एक दुपार लागते. हे शिकायला तुम्ही तयार असाल तर माझं अंगण आणि माझा मीटर दोन्ही मोकळे आहेत.

पण त्याआधी एक काम करा. या हंगामात ज्या ज्या गाड्यांना तुम्ही लाईट लावून दिलेत, त्या सगळ्या बोलावून घ्या. होल्डर उघडा. तार असेल ती काढा आणि लिहिलेल्या अँपिअरचा फ्यूज घाला. फ्यूजचे पैसे मी देतो.

कळावे,
त्या गाडीवाल्याचा काका