नक्कल शाखेतली डिस्क

जबलपूरला नकलेची लाज वाटत नाही. हायकोर्टाचं गाव आहे ते. निकालाची नक्कल हवी असेल तर अर्ज करायचा, फी भरायची, दोन-चार खेटे घालायचे आणि शिक्का मारलेला कागद घेऊन घरी यायचं. त्या शिक्क्यात स्वच्छ कबुली असते की हा कागद मूळ नव्हे, नक्कल आहे. या कबुलीमुळेच तर त्याला किंमत येते. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कला मात्र ही रीत कुणी शिकवलेली नाही. तिची नक्कल काढली की नक्कलही मूळ असल्याचा आव आणते. मग दोघी एकाच सर्व्हरवर समोरासमोर येतात आणि अख्ख्या कचेरीचा सोमवार वाया जातो.

एक मध्यम आकाराची कचेरी डोळ्यांसमोर आणावी. नाव नको, अशी कचेरी राइट टाउनमध्ये सापडेल, नेपिअर टाउनमध्ये सापडेल, वाचकाच्या पगारपत्रकावरही सापडेल. तिथे कॉम्प्युटरचं सगळं पाहणारे एक काका असतात. आजोबा नागपूरहून आलेले, त्यामुळे काका वैतागतात मराठीत आणि नोकरी करतात हिंदीत. शुक्रवारी संध्याकाळी साहेब खोवा-जिलेबीचा पुडा टेबलावर ठेवतात, तेव्हाच काकांच्या पोटात गोळा येतो. "काकाजी, बिलिंगवाली मशीन की एक कॉपी बना दीजिए. कॉपी-पेस्ट ही तो है."

काकांनी डिस्कची फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली आणि तिला 'बिलिंग नया फायनल' असं नाव दिलं. सोमवारी व्हर्च्युअलबॉक्सने ती जोडून घ्यायलाच नकार दिला. का, तर या यूयूआयडीची हार्ड डिस्क आधीच नोंदलेली आहे. मग काकांनी तेच केलं, जे अशा वेळी सगळेच करतात. फाइल पुन्हा एकदा कॉपी केली.

यूयूआयडी म्हणजे 128 बिटांची ओळखखूण. ती फाइलच्या नावात नसते, फाइलच्या पोटात असते. दारावरची पाटी बदलली म्हणून रेशनकार्डावरचं नाव बदलत नाही, त्यातला प्रकार. फाइल हाताने उचलून ठेवली की खूणही जशीच्या तशी उचलली जाते. त्याच सॉफ्टवेअरमधल्या क्लोनच्या सोयीने प्रत काढली तर नवीन डिस्कला नवीन खूण मिळते. हाताने प्रत काढून बसलेल्यांसाठी खूण बदलण्याची वेगळी आज्ञाही आहे. पण ती शोधायची तर आधी एररचा संदेश शेवटपर्यंत वाचावा लागतो, आणि आपल्याकडे तो वाचण्याऐवजी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायची पद्धत आहे.

बाहेरचं निस्तरलं की आतलं सुरू होतं. विंडोजला जुळी डिस्क दिसली की ती दुसरीला ऑफलाइन ठेवते आणि डिस्कची सही, म्हणजे आतली ओळखखूण, जुळत असल्याचं कारण देते. तुम्ही हट्टाने ऑनलाइन केलीत तर नवी सही ठोकून देते. डेटा शाबूत राहतो. पण बूटच्या नोंदीत जुनीच सही असते, त्यामुळे पुढे त्या डिस्कवरून मशीन सुरू करायला जावं तर तिला स्वतःचंच घर सापडत नाही. लिनक्समधली एक्सएफएस ही फाइलसिस्टिम बाणेदार. मूळ डिस्क माउंट झालेली असताना त्याच यूयूआयडीची नक्कल आणली तर ती सरळ नकार देते. तात्पुरतं 'नोयूयूआयडी' म्हणून दामटता येतं, कायमचं हवं तर नवी खूण द्यावी लागते. ईएक्सटी-4 मात्र भिडस्त. दोघी समोर असल्या तरी चकार शब्द काढत नाही. एफस्टॅब या माउंटच्या यादीत यूयूआयडी लिहिलेला, तो दोघींचा एकच. त्यातली कुठली माउंट झाली हे नशिबावर. दुपारी तीन वाजता कळतं की सकाळपासूनची बिलं नकलेत जमा होत होती.

या दोघींत बाणेदार बाई परवडली.

नक्कल काढल्यावरच खरं काम सुरू होतं, हे निदान जबलपूरला तरी सांगावं लागू नये. निस्सान पट्रोल गाडीवरून बेतलेली जोंगा लष्करासाठी इथेच तयार व्हायची आणि तिच्या नावातला 'ज' जबलपूरचा. जपानी गाडीने इथलं नाव घेतलं, गुण्यागोविंदाने नांदली. धनुष तोफेला मात्र फार दिवस लागले. बोफोर्सचा सौदा 1986 चा, आणि तोफांबरोबर तंत्रज्ञानाचे कागदही आलेले. इथल्याच 1904 सालच्या गन कॅरेज फॅक्टरीने त्या कागदांच्या आधाराने धनुष घडवली. पहिल्या सहा तोफा लष्कराच्या हाती पडल्या 8 एप्रिल 2019 रोजी. मधली तेहतीस वर्षं कुठे गेली असं विचारणाऱ्याने कधी कशाची नक्कल केलेली नसावी. मूळ तोफेची नळी 39 कॅलिबरची, म्हणजे 155 मिलिमीटरच्या 39 पट, साधारण सहा मीटर. धनुषची 45 कॅलिबरची, जवळजवळ सात मीटर. 2017 च्या चाचण्यांत गोळा नळीच्या तोंडावरच्या मझल ब्रेकलाच लागला. त्याच वर्षी, जर्मन म्हणून पुरवलेली बेअरिंग चिनी असल्याच्या आरोपावरून सीबीआयने दिल्लीच्या एका पुरवठादारावर गुन्हा नोंदवला. शिक्का एकीकडचा, माल दुसरीकडचा. काकांना हे दुखणं ओळखीचं वाटावं.

कारण नळी मीटरभर वाढवणं आणि डिस्क 50 जीबीवरून 100 जीबी करणं यांत जातीचं साम्य आहे. काकांनी क्लोनची डिस्क बाहेरून दुप्पट केली, साहेबांना कळवलं, शाबासकी घेतली. मशीनच्या आत पार्टिशन 50 चंच राहिलं. ते वेगळं वाढवायचं, त्यानंतर फाइलसिस्टिम वाढवायची. ही दोन कामं साहेबांच्या 'कॉपी-पेस्ट'मध्ये कुठेच बसत नव्हती.

लिंक्ड क्लोनची गोष्ट आणखी घरगुती. हा क्लोन मिनिटभरात तयार होतो आणि जागाही खात नाही, म्हणून सगळ्यांचा लाडका. वेगळं बिऱ्हाड केलेल्या मुलासारखा तो असतो: दारावर स्वतःची पाटी, जेवणाचा डबा आईकडून. तो फक्त स्वतः केलेले बदल लिहून ठेवतो, बाकी सगळं मूळ डिस्कवरून वाचतो. कुणीतरी जागा साफ करताना 'जुनं आहे' म्हणून ती मूळ डिस्क उडवतो आणि पोराचा डबा बंद होतो. त्यावर इलाज नाही. बॅकअप असेल तर आहे.

थिन डिस्क हा लग्नातल्या आचाऱ्याचा हिशेब. पाचशे पानं कबूल करायची, स्वयंपाक दोनशेंचा करायचा आणि सगळे एकदम येणार नाहीत यावर भिस्त ठेवायची. पाच क्लोनना शंभर-शंभर जीबीचं वचन, खाली खरी जागा दोनशे. एरवी निभतं. मार्चअखेर सगळे एकदम पानावर बसतात, स्टोरेज भरतं आणि मशीन जागच्या जागी थिजतात. मशीनच्या आतून पाहावं तर निम्मी डिस्क रिकामी दिसते, म्हणून काका दिवसभर चुकीच्या ठिकाणी शोधत राहतात.

आता हायकोर्टाकडे परत. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरला 1936 पासून असलेलं हायकोर्ट जबलपूरला आलं. पुनर्रचनेच्या कायद्याच्या 49 व्या कलमाने जुन्या मध्य प्रदेशचं हायकोर्ट तेच नव्या मध्य प्रदेशचं हायकोर्ट मानलं. मुख्य न्यायाधीश हिदायतुल्लाही तेच. नागपूरला जे उरलं ते मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ, वेगळ्या ओळखीचं. दोन शहरांत एकाच ओळखीची दोन हायकोर्टं एक दिवसही नांदली नाहीत. व्हीएमवेअर वर्कस्टेशन हाच प्रश्न विचारतं: ही मशीन तुम्ही हलवली की हिची प्रत काढली? 'हलवली' म्हटलं तर जुनी ओळख कायम राहते, 'प्रत काढली' म्हटलं तर नवा यूयूआयडी आणि नवा मॅक पत्ता मिळतो. संसदेने 1956 मध्ये विचार करून 'हलवली' निवडलं होतं. काका चहाचा कप हातात धरून, न वाचता, जे बटण जवळ असेल ते दाबतात.

एवढं करूनही बुधवारी दोन मशीनना एकच आयपी मिळाला, कारण नव्या उबुंटूत डीएचसीपीकडे ओळख म्हणून मशीन-आयडी जातो आणि तो डिस्कबरोबर जसाच्या तसा आला होता. एसएसएचच्या किल्ल्याही तशाच आल्या. विंडोजवाल्यांनी हसू नये. तिथल्या एसआयडीची, म्हणजे मशीनच्या ओळखखुणेची, चिंता फोल असल्याचं सांगून मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी 2009 मध्ये ती खूण बदलून देणारं न्यूसिड हे साधन निवृत्त केलं. सोळा वर्षं लोक निर्धास्त होते. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने कळवलं की नव्या अपडेटनंतर सारख्या एसआयडीच्या मशीनना एकमेकांकडे लॉगिन करताना अडचण येईल. उपाय तोच जुना: प्रत काढण्याआधी सिसप्रेप चालवा. लिनक्सच्या बाजूला हे काम व्हर्ट-सिसप्रेप करतं.

तेव्हा काकांना आणि काकांच्या वाचक भावंडांना एवढीच विनंती. क्लोन करण्याआधी मूळ मशीन नीट बंद करा, मग त्या वेळी साहेब तिच्यावर काहीही बघत असोत. आणि जिलेबी काम झाल्यावर खा.