चावडी गेली वाइन्सवर

"ऐकलं का वो वैनी? कोपऱ्यावरच्या घरचा जावई लॉटरीत गेला!"

"कोनत्या लॉटरीत?"

"वाइन्सच्या. दारूचं दुकान कोनाले, ते चिठ्ठी काढून ठरते नं. 2023 मधी अर्जाचे दोन लाख होते, 2025 मधी तीन केले. चिठ्ठी नाई निंगाली तं सरकार एक रुपया वापस देत नाई. सासूनं म्हने पोत गहान ठेवली."

"बाप्पा! अन् तुले कोनी सांगतलं?"

"मी काय आत जाऊन बसते का? वाइन्सच्या बाजूले उकडलेले अंडे विकते. मी बाहेर, कान आत. पयले मानसं चावडीवर बसत, नाईतं मारुतीच्या पारावर. आता पारावर कुत्रं बसते. सीसीआय कापूस कधी घेनार, वावर ठेक्यानं कोनं केलं, सारं वाइन्सच्या परमिट रूममधीच. चंद्रपुरात दारूबंदी होती तवा तं इकडे आदिलाबादले जत्रा भरे जत्रा!"

"ते कोरपन्याकडचे?"

"तेच. 2015 च्या एप्रिलात तिकडे बंदी लागली. बंदीसाठी तिकडच्या बाया चिमूरपासून नागपूरपर्यंत पायी गेल्त्या, 2010 मधी. बंदी झाली अन् त्याईचे नवरे फटफटीवर इकडे! मले अंडे पुरत नोयते. 2021 च्या जुलैत तिकडचे दुकानं उघडले, मंग माह्या धंदा बसला."

"म्हंजे तुले बंदीच बरी होती म्हन की."

"पाप लागन, पन हो. आपल्याकडेही झाल्ती नं, आपून आंध्रात होतो तवा, मुख्यमंत्री एनटीआरच्या टायमाले, 1995 मधी. तिकडे नेल्लोरकडे दुबगुंट्याची रोसम्मा म्हनून बाई होती, त्या बायाईनं गावातले दारूचे गुत्ते बंद पाडले. तिथून हे सुरू झालं. 97 मधी चंद्राबाबूनं उठवली."

"लय शिकली वो तू!"

"एक रिटायर मास्तर येते. दोन अंडे घेते अन् अर्धा घंटा इतिहास सांगते. बंदीचा इतिहास, अन् हातात नाइंटी!"

"गोंडाईचं बरं हाय पाहा. मोहाची पयले देवाले शिंपडते, मंग पेते. बायामानसं संगच. इथं बाईले खुर्ची नाई, अन् बाईचे सारे निर्णय तिथंच. तुले सांगतलं नाई, आमच्या पोरीले स्थळ आलं."

"कुठून वो?"

"तुह्या परमिट रूममधून! जैनदकडचा कोनी पाहुना यांच्या टेबलावर बसला होता, त्यानं पुतन्याचं सांगतलं. क्वार्टर संपेपर्यंत पोराचं शिक्षन, वावर, बोअरचं पानी, सारं झालं. दहा वाजता घरी येऊन मले म्हने, तुले काय वाटते?"

"मंग?"

"मी म्हनली, पोरगं पेते का ते विचारलं? तं म्हने, तेवढं राहून गेलं."

"जाड मिशावाला, पांढऱ्या धोतराचा पाहुना का? मंग तं तो पोरगाही संगच होता वो, निळ्या शर्टात. बाहेरच उभा होता."

"अन्?"

"पेला नाई. पन माह्याकडून पाच अंडे खाल्ले अन् पैसे काकाच देईन म्हनला."

"देल्ले का काकानं?"

"कुठचे? दोघंही निंगून गेले. तुम्ही होकार कळवसान तं पयले माह्ये पैसे मागून घेजा."